भीती वाजवी होती का?

फ्लोरिडात खुनाच्या खटल्यालाही सहाच ज्युरर, म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक, बसतात. बारा लागतात ते पहिल्या श्रेणीच्या खुनाला, जिथे मृत्युदंडापर्यंत जाता येतं. माझ्या वाट्याला आलेला खटला दुसऱ्या श्रेणीच्या खुनाचा होता, म्हणून सहा जण आणि वर दोन राखीव. राखीव कोण हे शेवटपर्यंत सांगत नाहीत, म्हणजे प्रत्येक जण कान देऊन ऐकतो. मागच्या रांगेतली एक खुर्ची माझी होती. बाकीच्यांत एक कृष्णवर्णीय बाई, एक क्यूबन आजोबा आणि उरलेले सगळे गोरे. भारतीय मी एकटीच.

निकाल लागल्यावर ज्युररला बोलायची मुभा असते. तरी ओळख पटेल असं मी काही लिहिणार नाही, कारण दोन घरं त्यात उद्ध्वस्त झाली आहेत. पुढचं समजायला लागेल तेवढंच सांगते. साठी ओलांडलेला एक गोरा गृहस्थ आणि विशीतला एक कृष्णवर्णीय मुलगा यांची पेट्रोल पंपावर गाडी पुढे घेण्यावरून बाचाबाची झाली. गृहस्थाने गोळी झाडली आणि मुलगा जागीच गेला. त्याच्या खिशात फोन आणि गाडीची किल्ली होती, हत्यार नव्हतं. ‘मला जिवाची भीती वाटली’ हा आरोपीचा बचाव. वंशद्वेषाचं कलम आरोपपत्रात नव्हतं, पण कोर्टात पाऊल ठेवल्यापासून सगळ्यांच्या मनात तेच होतं.

ज्युरीचं समन्स इथे ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतून येतं. तुम्ही नागरिक असलात, अठरा वर्षं पूर्ण असली आणि नाव निघालं की जावं लागतं. मानधन अगदी किरकोळ. पहिले तीन दिवस रोज १५ डॉलर, तेही नोकरीचा पगार चालू असेल तर नाही, आणि चौथ्या दिवसापासून ३०. आमच्या मराठी मंडळात समन्सचा विषय निघाला की सुटका कशी करून घ्यायची याचीच चर्चा रंगते. इंग्रजी नीट कळत नाही म्हणून सांग, देवाधर्माचं कारण दे, पोलिसांवर आपला पूर्ण विश्वास आहे असं ठणकावून सांग म्हणजे बचाव पक्षच काढून टाकेल. असली शिकवणी ऐकून माझा संताप होतो. नागरिकत्वाची शपथ घेताना डोळ्यांत पाणी आणून फोटो काढायचे, आणि त्या नागरिकत्वाचं एकमेव कष्टाचं काम समोर आलं की पळवाट शोधायची, हे मला पटत नाही. मी रजा टाकली आणि गेले.

ज्युरी म्हटलं की आपल्या लोकांना नानावटी आठवतो. १९५९ सालचा मुंबईतला खटला. नऊपैकी आठ ज्युररांनी ‘दोषी नाही’ म्हटलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. पुढे ती सुप्रीम कोर्टातही कायम राहिली. देखणा नौदल अधिकारी, वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलेला, आणि त्याच्यासारख्याच लोकांचा त्याच्यावरचा विश्वास. भारतात ज्युरी गेली ती गेलीच. इथे ती आहे, आणि ‘आपल्यासारख्या’ माणसाच्या भीतीवर आपण चटकन विश्वास ठेवतो हा प्रश्नही इथे तसाच आहे.

निवडीत सबंध दिवस गेला. आधी न्यायाधीश, मग सरकारी वकील बाई, मग बचावाचे वकील, असे प्रश्न. घरात बंदूक कोणाकडे आहे? अर्ध्याहून जास्त हात वर झाले. बाहेर जाताना बरोबर ठेवता का? त्यातले बरेच हात वरच राहिले. १ जुलै २०२३ पासून फ्लोरिडात लपवून पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही, त्यामुळे हा प्रश्न विचारावाच लागतो. मग सरकारी वकील बाईंनी शांतपणे विचारलं, “अनोळखी कृष्णवर्णीय तरुण समोरून येताना दिसला म्हणून गाडीचं लॉक दाबलं, असं तुमच्यापैकी कोणाचं झालंय?” बराच वेळ कोणी हलेना. मग एका निवृत्त शिक्षिकेने हात वर केला आणि म्हणाल्या, झालंय, आणि मला त्याची लाज वाटते. त्यानंतर एकेक करून आणखी हात वर आले.

माझी पाळी आली तेव्हा मी जे खरं तेच सांगितलं. आमच्या लोकांत ही भीती नव्याने आलेल्याला पहिल्या आठवड्यातच शिकवतात. कुठल्या भागात अपार्टमेंट घ्यायचं नाही, कुठल्या पंपावर अंधार पडल्यावर थांबायचं नाही. शिकवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कुणा कृष्णवर्णीय माणसाशी दहा वाक्यंसुद्धा बोललेली नसतात. मलाही ते शिकवलं गेलं. ते शिकवलेलं आहे हे मला माहीत आहे, आणि माहीत असल्यामुळे मी ते बाजूला ठेवून पुरावा ऐकू शकते.

बचावाच्या वकिलांनी दुसऱ्या टोकाने विचारलं. वंशद्वेषाच्या हिंसेची झळ तुमच्या समाजाला लागली आहे का? मी कॅन्ससचं नाव घेतलं. २२ फेब्रुवारी २०१७, ओलेथ. श्रीनिवास कुचिभोटला हा इंजिनिअर कामानंतर मित्राबरोबर बसला होता. ‘माझ्या देशातून चालते व्हा’ असं ओरडणाऱ्याने त्याला गोळी घातली. मारणाऱ्याला ते दोघे इराणी वाटले होते. त्या रात्री अमेरिकेतल्या प्रत्येक भारतीय घरात फोन वाजले. वकिलांनी विचारलं, म्हणजे गोऱ्या आरोपीला तुम्ही न्याय देऊ शकाल? मी म्हणाले, त्या रात्री मारेकऱ्याला अडवायला उठला आणि स्वतः गोळी खाल्ली तो इयन ग्रिलॉटही गोराच होता.

दोन्ही बाजूंना काही ज्युरर कारण न देता वगळता येतात. फक्त वंशावरून वगळता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९८६ च्या बॅटसन खटल्यात ठरवलंय. प्रत्यक्षात दुसरं काहीतरी कारण पुढे केलं जातं, हे माझ्या डोळ्यांसमोर न्यायाधीशांच्या टेबलाशी चाललेल्या कुजबुजीवरून जाणवत होतं. त्या शिक्षिका बाईंना वगळलं. मला ठेवलं.

खटला सुरू झाल्यावर ज्या गोष्टीने मला हादरवलं ती म्हणजे आम्ही आत येताना सगळं कोर्ट उभं राहतं. बेलिफ पुकारतो आणि वकील, प्रेक्षक, मुलाची आई, आरोपी, सगळे उठतात. ज्याच्या आयुष्याचा फैसला व्हायचा तो माणूस सुटाचं बटण लावत माझ्यासाठी उभा राहतोय, हे दरवेळी अंगावर यायचं. घरी नवऱ्याशी एक शब्द बोलायचा नाही, बातम्या बघायच्या नाहीत, नकाशावर तो पंप शोधायचा नाही. रोज सकाळी न्यायाधीश हे विचारून घ्यायचे आणि आम्ही मान हलवायचो.

पुराव्याचा गाभा म्हणजे पंपावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण. त्यात आवाज नव्हता. दोघे हातवारे करताहेत. मुलगा एक पाऊल पुढे येतो, बोट दाखवतो. मग आरोपी वळतो, आपल्या गाडीपाशी जातो, दार उघडतो, आत बसतो. गाडीतला दिवा लागतो. वाकून तो समोरचा कप्पा उघडतो. मुलगा तोपर्यंत आपल्या गाडीच्या मागच्या बाजूला, पाठमोरा. आरोपी उतरतो, चालत परत येतो. मुलगा आवाजाने वळतो आणि दोन्ही हात उचलतो, छातीच्या उंचीपर्यंत. सरकारी बाजूने ते हात ‘थांब’ म्हणत होते, बचावाच्या बाजूने ते ‘अंगावर येत’ होते. हा तुकडा आम्हाला पूर्ण वेगात, मग संथ, मग एकेक चौकट करून दाखवला. संथ गतीत सगळंच हेतुपूर्वक केलेलं वाटतं, आणि पूर्ण वेगात सगळंच अपघात वाटतं. मी वहीत दोन्हींच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या.

दुसरा पुरावा आरोपीनेच केलेल्या ९११ च्या फोनचा. त्याचं पहिलं वाक्य होतं, “माझ्यावर हल्ला झाला.” खाली पडलेल्या मुलाचा विषय ऑपरेटरने विचारल्यावर निघाला.

तो स्वतः साक्षीला उभा राहिला. तसं करायची सक्ती नव्हती. रडला. मुलगा धिप्पाड होता, आवाज चढलेला होता, त्याचा हात कमरेकडे जाताना आपल्याला दिसला, असं म्हणाला. एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. तो खोटं बोलतोय असं मला वाटलं नाही. त्याला खरोखरच भीती वाटली होती. माझ्या मते या सगळ्या खटल्यांचं कठीणपण इथेच आहे. द्वेषाने पेटलेला माणूस ओळखता येतो. खरा घाबरलेला माणूस समोर बसला की त्याच्याविषयी सहानुभूती वाटते, आणि त्याच वेळी मनात येतं की त्या मुलाच्या जागी त्याच अंगकाठीचा गोरा मुलगा असता तर ही भीती याच वेगाने आली असती का? हा प्रश्न कोणत्याही वकिलाने या शब्दांत विचारला नाही.

शेवटी न्यायाधीशांनी कायदा वाचून दाखवला आणि प्रत्येकाच्या हातात छापील प्रत दिली. तिचा आशय असा. धोका खरा असायलाच हवा असं नाही. पण तो इतका खरा वाटला पाहिजे, की त्याच परिस्थितीतल्या सावध, विवेकी माणसालाही प्राणघातक बळाशिवाय गत्यंतर नाही असं वाटलं असतं. शिवाय आरोपीचा स्वतःचाही तसा विश्वास हवा. ज्याला तिथे असण्याचा हक्क आहे त्याच्यावर मागे हटायची सक्ती नाही. हे २००५ साली फ्लोरिडाने आणलेल्या ‘स्टँड युअर ग्राउंड’चं कलम. आणि स्वसंरक्षणाचा मुद्दा एकदा पुढे आला की तो आरोपीने सिद्ध करायचा नाही, सरकारने तो वाजवी शंकेपलीकडे खोडून काढायचा.

आपल्याकडे हे उलट आहे. सांगलीला माझे मामा वकिली करतात. निकालानंतर मी त्यांना फोन केला तेव्हा ते आधी गप्पच झाले. “अगं, आपल्याकडे स्वसंरक्षणासारखा अपवाद सिद्ध करायचा भार आरोपीवर. पुरावा कायद्याचं कलम १०५, आता साक्ष्य अधिनियमात १०८. सरकारइतकं कडक माप त्याला नसतं, पण सुरुवात त्याने करायची. आणि कोर्ट आधी विचारणार, पोलिसांकडे जायला वेळ होता का? वेळ असेल तर हक्कच नाही.”

“मामा, इथे पोलिसांचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. फोन तर त्याच्या हातातच होता.”

“मग तू काय धरलंस?”

मी जे धरलं होतं ते असं. त्या गोळीच्या क्षणावर बचावाचे वकील आम्हाला पुन्हा पुन्हा नेत होते. तो क्षण एवढा छोटा, की त्यात विवेकाला जागाच नव्हती, हा त्यांचा युक्तिवाद. पण जबाबदारी त्या क्षणापाशी सुरू होत नाही. तो माणूस गाडीत बसला होता. दार होतं, लॉक होतं, इंजिन होतं, फोन होता. कायद्याने त्याला मागे हटायची सक्ती नव्हती हे मान्य, पण तो आपणहून मागे हटलेलाच होता आणि सुरक्षित होता. तिथून तो पिस्तूल घेऊन परत आला. पुढची भीती त्याने स्वतः चालत जाऊन ओढवून घेतली आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजली.

घरी परतल्यावर, बोलायची बंदी उठल्यावर, मी या राज्यातले आणि शेजारचे खटले वाचून काढले. प्रत्येकात मला गोळीआधीची पावलंच दिसत राहिली. २६ फेब्रुवारी २०१२ ला सॅनफर्डमध्ये ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा मुलगा पायी परतत होता. वस्तीवर पहारा ठेवणारा जॉर्ज झिमरमन त्याच्या मागे निघाला, आणि त्याची गरज नाही असं पोलिसांच्या फोनवरच्या माणसाने त्याला सांगितलं होतं. झिमरमनच्या गोळीने मुलगा गेला, आणि २०१३ च्या जुलैमध्ये सहा स्त्रियांच्या ज्युरीने झिमरमनला निर्दोष सोडलं. असं कोणाच्या मागावर जाणं ही चिथावणी ठरू शकते का, याबद्दलची सूचना सरकारी पक्षाने मागितली होती, पण ती ज्युरीला दिली गेली नाही. त्या सहा जणींना दोष देणं आता मला जमत नाही. हातात जो कायदा ठेवतात त्याच्याच चौकटीत बसून विचार करावा लागतो.

आमच्यापासून जवळच, क्लिअरवॉटरला, १९ जुलै २०१८ रोजी अपंगांच्या पार्किंगवरून वाद उकरून काढणाऱ्या मायकल ड्रेकाला मार्कीस मॅक्ग्लॉक्टनने ढकललं, आणि ड्रेकाने जमिनीवरूनच गोळी झाडली. चित्रणात मॅक्ग्लॉक्टन मागे सरताना दिसतो. शेरिफने आधी अटक केलीच नाही, कारण दिलं स्टँड युअर ग्राउंडचं. पुढे आरोप दाखल झाला आणि २०१९ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. ओकालामध्ये जून २०२३ ला चार मुलांची आई एजिके ओवेन्स दार ठोठावत उभी होती. सुझन लॉरिंझने बंद दारातून गोळी झाडली. तिलाही भीती वाटली होती. सहाच्या सहा गोऱ्या ज्युररांनी तिला सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं आणि २५ वर्षांची शिक्षा झाली.

जॉर्जियातल्या अहमद आर्बरीच्या खटल्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. २३ फेब्रुवारी २०२०. धावायला निघालेल्या निःशस्त्र तरुणाला तिघांनी दोन पिकअप ट्रकमधून घेरलं. १८६३ पासून चालत आलेल्या नागरिकाने अटक करण्याच्या कायद्याचा त्यांनी आधार घेतला, आणि त्याने आमची बंदूक पकडली म्हणून स्वसंरक्षणात गोळी झाडली असं सांगितलं. दोन महिन्यांहून जास्त काळ कोणाला अटक नाही. चित्रण बाहेर आलं तेव्हा झाली. बारांपैकी अकरा गोऱ्या ज्युररांनी आणि एका कृष्णवर्णीय ज्युररने मिळून २४ नोव्हेंबर २०२१ ला तिघांनाही खुनासाठी दोषी ठरवलं. सरकारी वकील लिंडा ड्युनिकोस्की यांचा युक्तिवाद साधा होता. प्रसंग तुम्ही निर्माण केलात, हत्यार तुम्ही आणलंत, मग समोरच्याने जीव वाचवायची धडपड केली तर तिला हल्ला म्हणता येणार नाही. न्यायाधीश वॉल्म्सली यांनी शिक्षा सुनावताना एक मिनिट कोर्टाला गप्प बसवलं. आर्बरीचा पाठलाग सुमारे पाच मिनिटं चालला होता. पाच मिनिटं धावताना मनात काय चाललं असेल याचा अंदाज यावा म्हणून ते मिनिट. आपल्या खटल्यांत भीतीचं मोजमाप नेहमी गोळी झाडणाऱ्याच्या बाजूने होतं. मेलेल्याच्या भीतीला साक्षीदार नसतो, म्हणून ती नोंदीतच येत नाही. वॉल्म्सलींनी ती आणली.

आमच्या खटल्यात हे करायची संधी मला मिळाली नाही. सूचना वाचून झाल्यावर न्यायाधीशांनी दोन नावं घेतली, त्यात माझं होतं. राखीव. आभार मानले, बिल्ला काढून घेतला, वही फाडून टाकायला घेतली आणि मागच्या दाराने बाहेर सोडलं. सहा जण आत गेले. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले, आणि ते दुःखाचं नव्हतं. एवढं सगळं मनात साठवून एक शब्दही न बोलता निघावं लागल्याचा तो राग होता.

निकाल दुसऱ्या दिवशी क्लार्कच्या ऑफिसला फोन करून कळला. खून नाही, सदोष मनुष्यवध, दोषी. मला तो बरोबर वाटतो. दुसऱ्या श्रेणीच्या खुनाला मनात कुटिल बेपर्वाई लागते. त्याच्या मनात भीती होती असं मी मानते, म्हणून तिथवर मी गेले नसते. पण ती भीती वाजवी होती असं म्हणणं म्हणजे प्रत्येक उंच, दणकट कृष्णवर्णीय मुलाला सांगणं, की तुझं नुसतं उभं असणं हाच धोका आहे. ते मी कदापि मान्य केलं नसतं. आतल्या त्या एकट्या कृष्णवर्णीय बाईंना हे गोऱ्यांसमोर मांडावं लागलं असेल का, की दुसऱ्या कोणी आधी मांडलं, हे मला पुष्कळ दिवस जाणून घ्यायचं होतं. नंतर एकदा किराणा दुकानात त्या भेटल्या. म्हणाल्या, सुरुवात क्यूबन आजोबांनी केली. त्यांनी गाडीतल्या दिव्याची चौकट पुन्हा दाखवायला लावली आणि विचारलं, इथे तो कशाला घाबरत होता?

२०१७ पासून फ्लोरिडात आणखी एक बदल झाला आहे. खटला उभा राहण्याआधीच आरोपी खटल्यापासून संरक्षण मागू शकतो हे आधीही होतं, पण आता त्याला ते मिळू नये हे सरकारने आधीच भक्कम पुराव्यानिशी दाखवायचं. म्हणजे चित्रण नसलेली, साक्षीदार नसलेली कित्येक प्रकरणं आमच्यासारख्या आठ खुर्च्यांपर्यंत येणारच नाहीत. ही तरतूद बदलावी म्हणून मी आमच्या आमदारांना पत्र लिहिलं आहे. भेटीची वेळ मागितली आहे. मंडळातल्या दोघी बरोबर येणार आहेत.

घरात पिस्तूल घ्यायचं आमचंही जवळपास ठरलं होतं. नवऱ्याचे ऑफिसातले मित्र घेत होते, दुकानही बघून झालं होतं. मी त्याला त्या समोरच्या कप्प्याबद्दल सगळं सांगितलं, काय काय आणि कुठल्या क्रमाने. तो म्हणाला, “मी तसा माणूस नाही.” मी म्हणाले, “तोही नव्हता. त्याच्या मुलीने साक्षीत हेच सांगितलं.” आम्ही घेतलं नाही.